वेढे

जळकी मोटार दुकानात आली
की आधी वास घ्यायचा.
एनामल जळल्याचा वास गोडसर येतो,
काहिलीच्या बुडाला गूळ करपावा तसा.
तांबं सहसा मरत नाही.
मरतं त्याच्यावरचं पांघरूण,
नखानं खरवडावं इतकं पातळ.
मग वेढ्याला वेढा लागतो
आणि वीज नको त्या घरात शिरते.

हे मी मिरजेला शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंना सांगितलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
उजेडाला माझ्या मेंदूची फिल्म,
तिच्यावर पांढरे डाग,
भिंतीला लोणा फुटल्यासारखे.
कढत पाण्यानं न्हाले की डावा डोळा धुरकटतो, म्हटलं,
आणि बोटांना तारेचा गेज कळेना झालाय.

त्या म्हणाल्या, नसांच्या शेजारी काही पेशी राहतात.
पूर्वी वाटायचं, ही नुसती खळ,
मेंदू जागच्या जागी चिकटवून ठेवणारी.
मला आमचा बोर्ड आठवला :
शिवलिंग इलेक्ट्रिकल्स, पलूस.
वेढे चौदा वर्षं माझे.

त्यातल्या काही गुंडाळतात.
एकेक पेशी कितीतरी तारांना हात पुरवते.
काही चांदणीसारख्या, खाणंपिणं बघणाऱ्या,
घाबरल्या की मात्र जखमेवर कुंपण घालतात,
निबर, आतबाहेर काही न सोडणारं.
आणि काही झाडणाऱ्या.
त्या पेटतात. जळकं खातात,
भान सुटलं की धडधाकटही खातात.

म्हणून हे सलाईन? राग उतरवायला?
हो.
समदा उतरवा की मग.
बाई जरा थांबून म्हणाल्या,
समदा उतरवला तर झाडेल कोण?

ते मला कुणी शिकवायला नको.
तायाप्पानं एकदा घाईत
काजळी न काढता वर नवं कॉइल भरलं.
आमणापूरच्या विहिरीवर मोटार दोन दिवस चालली.
छिन्नी-हातोड्यानं जळकं उपसावं लागतं,
खाच अन् खाच घासून कोरडी करावी लागते,
कोवळा हात तिथं टिकत नाही.
गुंडाळणाऱ्या कोवळ्या पेशीसुद्धा म्हणे
मोडतोडीत तशाच बसून राहतात,
मोठ्याच होत नाहीत.

नवं वेष्टण जुन्याइतकं जाड येत नाही.
आम्ही सहा महिन्यांची गॅरंटी लिहून देतो.
बाईंनी काही लिहून दिलं नाही,
नुसती पुढची तारीख.

रात्री व्हार्निश लावलेला स्टेटर
दोनशेच्या बल्बखाली वाळत ठेवते.
घाई केली की वरून वाळतं, आत ओलं राहतं.
शटर ओढायच्या आधी
चोवीस नंबरची तार चिमटीत धरून बघते.
परवा ती विसाची वाटली.
आज बावीसची.