दुसरी रेघ

परळच्या आमच्या लॅबमध्ये नमुने येतात
बर्फाच्या डब्यातून, कुरिअरवाल्या पोरांच्या पाठीवरून.
माणसं सहसा येत नाहीत.
मिठबावकर स्वतः आले.

लॅमिंग्टन रोडला कपाटाएवढं दुकान, घड्याळदुरुस्तीचं.
दोन वर्षं एकच नाकपुडी गळते, डावी.
सगळे म्हणाले सर्दी. मग म्हणाले ॲलर्जी.
बायकोनं गवती चहा उकळून उकळून पातेलं काळं केलं.
गोळ्यांनी झोप आली, थेंब थांबला नाही.
एक दिवस तो पडला
गिऱ्हाइकाच्या उघड्या घड्याळात,
चाकांच्या मधोमध.
"शेंबूड नाही हो मॅडम, पाणी.
रुमाल वाळला तरी कडक होत नाही."

मी नळी दिली. वाका म्हटलं.
वाकायला शिकवावं लागलं नाही,
तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून ते वाकलेलेच.
पाऊण तासात अर्धा मिली.
मध्येच म्हणाले, नागपाड्याला स्कूटरवरून पडलो होतो,
त्याचं तर काही नसेल?
मी म्हटलं, मी फक्त रेघा बघते.

साखरेची पट्टी आम्ही सोडून दिली.
ती नाकाच्या पाण्यालाही हो म्हणते, आसवांनाही.
खोटारडी नाही, भिडस्त आहे.

ट्रान्सफेरिन म्हणजे लोखंडाचा हमाल.
रक्तातला अंगावर साखरेचे मणी घालून
जेलमध्ये पुढे पळतो.
मेंदूच्या उंबऱ्याशी मात्र
मणी उतरवून ठेवावे लागतात,
म्हणून तिथला थोडा मागे राहतो.
पहिली रेघ सगळ्यांची.
दुसरी आतल्या घरची.
शेजारच्या ओळीत त्यांचं रक्तही लावलं,
एखाद्याच्या रक्ताचीच खोड निराळी असते.

सव्वापाचला दिसली.
फिकट. मी दिवा तिरका केला, प्रमिलाला हाक मारली.
ती काही बोलली नाही,
चष्मा पुसून पुन्हा वाकली.
रक्ताच्या ओळीत ती नव्हती.

रिपोर्टात एका शब्दाची जागा असते.
हे लिहायला नसते
की एक माणूस दोन वर्षं
स्वतःच्या डोक्यातलं पाणी
बाहीला पुसत
गिऱ्हाइकांची माफी मागत होता.

निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं होतं,
"उरलं तर परत देता का?"
मी हसले होते.

नियमानं टाकायचं असतं.
नळीच्या तळाशी दोन थेंब आहेत,
चार अंशांवर,
अजून.