लांबी शून्य

फाइल उघडली तर लांबी शून्य.
डिस्कचा हिरवा दिवा मात्र लुकलुकतोय,
म्हणजे लिहिणं चालू आहे.

देवगडच्या दीपगृहाखाली या खोलीत
आठ यंत्रांच्या लाटा येतात.
सर्व्हर त्यांच्या आकड्यांना हात लावत नाही.
तो जागा नेमून देतो फक्त:
या ठोकळ्यापासून त्या ठोकळ्यापर्यंत तुझं. जा, लिही.
ती थेट डिस्कवर लिहितात
आणि परत येऊन सांगतात, लिहिलं.
सांगेपर्यंत कुणालाच काही दिसत नाही.

मला हे कळलं ते जेटीवर, पहाटे साडेचारला.
ओल्या सिमेंटवर खडू उठत नाही,
म्हणून लवू कोयंडे विटेच्या तुकड्यानं चौकोन आखत होता.
होड्या अजून लांबचे दिवे.
तीन नंबर सतूचा, पाच-सहा आगुस्तीनचा.
प्रत्येक चौकोनावर त्यानं आधी खारं पाणी ओतलं,
कालच्याची खवलं आजच्याला दिसू नयेत.
मग टोपल्या होडीतून थेट चौकोनात.
लवू मासळीला शिवला नाही.

कोल्हापूरचा व्यापारी, टेम्पो चालूच ठेवून:
"बांगडा किती?"
पायाशी बांगडा उडत होता.
लवूनं वही बघितली. "नाय आसा."
"अहो, ही काय!"
"मासळी आसा. पण वयेत नाय."

त्या रात्री दोन चौदाला वीज गेली.
बॅटरी जुनी. ऑफिसला तीन पत्रं लिहिली होती,
ती कुठल्या वहीत आहेत देव जाणे.
सात यंत्रांनी सांगून झालं होतं.
आठवं, खडपाबाहेरचं, सांगायचं राहिलं.
वीज आली, सर्व्हर उठला,
त्यानं स्वतःची वही वाचली:
आठव्याची लांबी दोन तेरापर्यंत.
पुढचे ठोकळे मोकळे.
मागणाऱ्याला तो आता तिथले शून्यच देईल,
धुतलेला चौकोन.

चार दिवसांनी लवू पहिल्यांदाच खोलीवर आला.
चपला बाहेर काढल्या,
यंत्रांच्या गारव्यात अंग चोरून उभा राहिला.
भाच्याच्या होडीची उलांडी त्या रात्री मोडली.
विमेवाला म्हणतो, एवढी लाट नोंदच नाही.
"तुज्या मशिनीत ती आसा?"

डिस्क खरवडली तर निघेल अर्धीमुर्धी.
पण खरवडून काढलेला आकडा
कुठला विमेवाला मानणार?

मी त्याच्याच शब्दांत सांगितलं.
"लाट आसा. पण वयेत नाय."

एकतीस वर्षं हे वाक्य त्यानं दुसऱ्यांना ऐकवलं होतं.
खुर्ची ओढून बसला. पाणी मागितलं.
अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाला,
"मगे सांगूक कोण येवक होयो होतो?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं.
खडपापलीकडे पिवळा बोया
वर जात होता, खाली येत होता,
मोजत होता.