पंख्यातली लोकर

लगेच चालू करू नका, म्हटलं मी तिला.
बाहेर उणे एकतीस. पिशवीतून काढलेल्या लॅपटॉपवर
आधी धुकं आलं, मग थेंब.
तासभर राहू द्या तसाच, शेगडीपासून लांब.
थंडीतून आलेल्या माणसाला तरी कुठे आपण
आल्याआल्या कामाला जुंपतो?

पुरेवसुरेन बसली. बायानखोंगोरहून रात्रभर बसने आलेली,
लोकर-संस्थेची हिशेबनीस.
मिठाचा दूधचहा दोन्ही हातांत धरून
पोराचं दुखणं डॉक्टरला सांगावं तसं सांगू लागली:
आधी नुसता रेंगाळायचा,
बेरीज मागितली की विचारात पडायचा.
मग वजनाच्या दिवशी, मेंढपाळांची रांग दारापर्यंत,
आणि पडद्यावरचा बाण थिजला तो थिजलाच.
निळा पडदा. अंधार.
परवा तर जतन करायच्या आधीच गेला,
एकशेचाळीस घरांची लोकर
मी पुन्हा वहीवरून उतरवली.

व्हायरस असेल, म्हणाली.
मी मान हलवली नाही, कुठल्याच बाजूला.
उलानबातरच्या या बाजारात बावीस वर्षं बसल्यावर कळतं,
गिऱ्हाईक रोगाचं म्हणून जे नाव सांगतं
ते बहुधा भीतीचं असतं.

तासाने चालू केला.
कोण किती खातंय ते पाहिलं, अधाशी कोणी नव्हतं.
मेमरी नीट.
जुनी फिरती चकती, तिला कान लावला, कुरकुर नाही.
मग तापमान.
एकोणनव्वद. चौऱ्याण्णव.
अठ्ठ्याण्णव,
आणि पंखा घशात घास अडकल्यासारखा घुमतोय.

बारा स्क्रू. तेरावा आधीच कोणीतरी हरवलेला.
या शहरातले लॅपटॉप कोळशाच्या काजळीने गुदमरतात,
ती मला वासावरूनच ओळखता येते.
इथे झाकण उघडलं तर लोकर.
करडी, मऊ,
पंख्याने स्वतःच गरगरत विणलेलं
नखाएवढ्या जाडीचं जाजम.
तीन वसंत विंचरणीच्या खोलीत श्वास घेतला होता बिचाऱ्याने.
चिमट्याने अख्खं निघालं.
मी ते तिच्या तळहातावर ठेवलं.
तिने सवयीने अंगठ्याखाली चोळून पाहिलं.
"पहिली प्रत," म्हणाली, आणि हसली.

मग थांबली.
"म्हणजे भरला नव्हता तो?"
नाही.
"पोरं म्हणाली, फार भरलाय, हलका करा.
मी दुगरचे सगळे आवाज काढून टाकले.
थोरला भाऊ. हिवाळी तळावरून पाठवायचा.
आता काही पाठवायचा नाही."

रोग रेड्याला, औषध पखालीला.
ओठावर आलेलं गिळलं.
नवी पेस्ट लावली, झाकण बसवलं,
उद्या सकाळी या, एवढंच बोलले.

जुन्या चकतीचं एक बरं असतं.
पुसलं म्हणजे दारावरची पाटी तेवढी काढलेली असते,
नवं बिऱ्हाड येईपर्यंत
जुना माणूस आतच असतो.
पण तिने मधल्या काळात
दोन मोसमांचे हिशेब आत आणून ठेवले होते.
रात्रभर शोध लावून ठेवला.
पहाटे चार हजार सहाशे फाइली, एकीलाही नाव नाही,
निम्म्या फुटक्या.

बिलात मी फक्त सफाई आणि पेस्ट लिहिली.
तिने त्यातली कुठलीशी एक उघडली.
वारा. बराच वेळ नुसता वारा.
मग खोकला, मग एक माणूस बकऱ्या मोजतोय,
चोवीस, पंचवीस, सव्वीस,
आणि तिथेच आवाज तुटला.

"अठ्ठावीस होत्या," पुरेवसुरेन म्हणाली.
"दोन कमी भरल्या म्हणून परत गेला होता शोधायला."

काय बोलावं?
तापमान पाहिलं, एकसष्ट.
मी पंख्याकडे कान दिला.
काहीच ऐकू येत नव्हतं.
म्हणजे ठीक चालला होता.