अर्धा ग्रॅम

निपाणीत, तंबाखूच्या वखारींमागच्या बोळात माझं दुकान:
एक टेबल, एक भिंग, एक तराजू
आणि दोन लिप्यांतली पाटी.
वरची ओळ कुठली, यावरून ती तीनदा रंगवली.

बाबा शिकवायचे तेव्हा आधी नाणं देत नसत,
रुमाल देत.
कडेला धर. चेहऱ्याला बोट लावायचं नाही,
राजा असो की देवी.
मग साल. मग पाठीवर, खालच्या कमळाशी बघ:
ठिपका असला तर मुंबई, नसला तर कलकत्ता.
मग फरशीवर टाक आणि ऐक.
बद्द वाजलं तर पुढचं विचारू नको,
चहा पाज आणि पाठव.

जुनं ते महाग, असं लोक समजतात.
तांब्याची शिवराई मी जेवणाच्या ताटाच्या पैशात दिलीय,
ती पोत्यानं सापडते.
महाग ते, जे टाकसाळीनं पाडून परत वितळवलं.
एकोणीसशे अकराचाच रुपया घ्या.
राजाच्या झग्यावर हत्ती कोरला, सोंड आखूड पडली,
बाजारात कुणीतरी म्हणालं, डुक्कर.
झालं. कुणी हात लावेना.
गोळा केले, भट्टीत घातले.
जे कुणाच्या मडक्यात राहून गेले
ते आज त्या आखूड सोंडेचं खातात.

कल्लव्वा घेऊन आली तो तसलाच.
पान दुमडून दुमडून अंगठ्याचं नख झिजलेलं, बोटं पिवळी.
तिनं पदराची गाठ सोडली, आणि टेबलावर
लख्ख.
"रातभर चिंचंत ठेवला, सकाळी राखंनं घासला.
तुमच्याम्होरं काळा कसा आणू, अक्का?"

मी भिंग लावलं. जरा जास्तच वेळ,
म्हणजे बोलावं लागू नये.
साल बरोबर. ठिपका आहे. हत्ती, तोच.
पण चांदीवर वर्षानुवर्षं जी साय धरते,
मधे निळसर, कडेकडेनं तपकिरी,
ती गेलेली. उरल्या केसाएवढ्या रेघा.
आणि वर, मुकुटाच्या मागं, सोनाराचा डाग.

डाग. आमच्यात दागिन्यालाही डागच म्हणतात,
जोडालाही, कापडावरच्या ठपक्यालाही.
लिलावाच्या यादीत तिन्ही एकच: किंमत निम्मी.

"अव्वाच्या गळ्यात हुता. अकरा हुते. धा गेले."
कुठं गेले, ते तिनं सांगितलं नाही.

मी सांगितलं. काळा असता तर एवढे.
आता चांदीचा भाव, वर थोडेसे.
ती ओठांतल्या ओठांत मोजत राहिली,
हजार विड्यांमागं किती, ते मोजतात तशी.
मग म्हणाली, "वजन तर करा की."

अकरा ग्रॅम, पंधरा पॉइंट.
पाडला तेव्हा अकरा, सहासष्ट.
"मग ऱ्हायलेलं?"
झिजलं.
"कुठं?"

पुस्तकात झिजेचे दर्जे आहेत,
भुवई दिसते का, दाढीचे केस मोजता येतात का.
कुठं, हा रकाना नाही.
मी वर बघितलं तर तिचा हात
गळ्याच्या हाडावर होता, आपला आपण गेलेला.

"परत काळा व्हायला किती दिस लागत्यात?"
कपाटात, कागदात गुंडाळून, पन्नास वर्षं.
साठ धरा.
"मग ऱ्हाऊ दे. नातीला सांगून ठेवते,
कुणी घासायचं न्हाई."
रुपया गाठीत गेला. दारातनं मागं वळून म्हणाली,
"चिंच फुकट गेली की ओ."

रुमाल वापरूनही अंगठ्याला आंबूस वास होता.
बाबांच्या वहीत लिहिलं:
१९११, मुंबई, उजळलेला, डाग. घेतला नाही.
मग "घेतला" वर रेघ मारली,
वर लिहिलं, "दिला".