दाताळ्याचं माप

किलब्रॅकच्या त्या माळाला मैदान म्हणायचं
ते ऑगस्टातल्या एकाच रविवारी.
एरवी तो टुहींच्या गाईंचा.
शनिवारी आम्ही शेण वेचलं,
वडलांनी भात्यातला विस्तव झाकून ठेवला
आणि गुडघाभर खड्डा खणला,
नदीची वाळू गाढवगाडीतून तीन खेपांत आली.
मग माझ्या हातात दाताळं दिलं :
दर उडीनंतर वाळू सारखी करायची, ब्रीड,
आणि तोंड मिटलेलं.

साल एकोणीसशे आठ. मी बारा वर्षांची.

तिहेरी उडी सगळ्यात शेवटी, पोत्यांच्या शर्यतीनंतर.
तिच्यासाठी तर माणसं थांबायची,
पावसात, चिरूट ओंजळीत झाकून.
आमच्याकडची चाल जुनी :
लंगडी, त्याच पायावर पुन्हा लंगडी,
मग उडी.
कुणी शिकवलेली नव्हती. ओढे ओलांडताना
आपसूक पायात उतरलेली.

त्या वर्षी डब्लिनहून कागद आला.
मास्तर डेव्हेननी तो टोपी काढून वाचला,
मयताच्या घरी वाचावा तसा :
यापुढे एक लंगडी, एक ढांग, एक उडी.
मधे पाय बदलायचा.
"का?" म्हणून कुणीतरी मागून विचारलं.
मास्तरांनी कागद उलटून पाहिला.
मागे कोरा होता.

मॅलकी टुही क्रीमरीत दुधाचे कॅन उचलायचा.
दंडावर पितळी कड्यांचे वळ.
बुटाच्या तळाला आमच्याच भट्टीतले सहा खिळे,
उधारीवर.
पहिल्या खेपेला तो आला,
डावा, डावा, पुन्हा डावा,
लाल रुमाल वर गेला.
दुसऱ्या खेपेला धावता धावता ओठ हलत होते त्याचे,
डावा डावा उजवा, डावा डावा उजवा,
जपमाळ ओढल्यासारखे,
आणि फळीपाशी येऊन तो नुसताच उभा राहिला,
खोलीत कशासाठी आलो ते विसरलेला माणूस उभा राहतो तसा.
लोक हसले. मीही हसले.

तिसऱ्या खेपेला ओठ हलले नाहीत.

मी खड्ड्याच्या काठाशीच होते.
आधी खिळ्यांचा आवाज आला,
मग काहीच नाही,
मग वाळू माझ्या तोंडावर.
लाल रुमाल केव्हाचा वर होता,
दुसऱ्या लंगडीपासूनच.
फीत कुणी उलगडली नाही.
चिनी मातीची किटली कॉर्नी हॅनरहनला मिळाली,
शेजारच्या पॅरिशचा, पाय नीट बदलणारा.
त्याच्या आईनं ती वर्षभर खिडकीत ठेवली,
चहा कधी केला नाही तिच्यात.

मला वाळू सारखी करायची होती.
नाही केली.

संध्याकाळी सगळे दारूकडे वळल्यावर
मी दाताळं आडवं टाकत गेले,
फळीपासून त्याच्या टाचांच्या खळगीपर्यंत :
नऊ दाताळी, तीन दात.
कुणी नव्हतं.
झगा कमरेला खोचला, बूट काढले.
डावा, डावा, डावा.
पाच दाताळ्यांना दोन दात कमी.
गवत गार होतं एवढंच आठवतं,
आणि जीभ चावली गेली होती.
माझी खूण मी पुसली.
त्याची ठेवली.
सकाळी गाई खड्ड्यात बसलेल्या.

पुढच्या मार्चात क्वीन्सटाउनहून तो बोटीत चढला.
बॉस्टनला बर्फाच्या लाद्या वाहायचा, चार-चार मजले.
एक पत्र आलं, वडलांच्या नावे, खिळ्यांचे पैसे घालून.
खाली दोन ओळी :
इथल्या मेळ्यांत नवीच चाल चालते. शिकलो.
झोपेत मात्र अजून त्याच पायावर पडतो.

दाताळं भट्टीच्या भिंतीला टांगलेलं आहे.
अकरा साली त्याचा दांडा मोडला,
वडलांनी अ‍ॅशच्या लाकडाचा नवा बसवला,
मला न विचारता,
वीतभर लांब की आखूड, त्यांनाही सांगता येईना.

कुणी विचारलं तर मी अजून तेच सांगते,
नऊ दाताळी, तीन दात.
कुठलं दाताळं, ते विचारू नका.