बुडबुडे थांबेपर्यंत

गाडी दोन हजार दोनची.
पांढरी होती, आता ताकाच्या रंगाची.
बाजूला लिहिलेलं : रिसबूड भोजन व्यवस्था, इंदूर-२.
त्यातलं 'भो' सरकत्या दारानं घासून घासून नेलं,
उरली जन व्यवस्था. लोक हसतात.

काल देवासहून परतताना मांगलियाच्या अलीकडे
काटा लाल पट्टीत गेला
आणि सीटखालून गोडसर वास आला,
पाक करपल्यासारखा.
मागे रिकामी पातेली एकमेकांवर आपटत होती.
पुढे आम्ही दोघं भाऊ, मधे गिअर.
होळीपासून बोलत नाही.
त्यानं त्याच्या बाजूची काच खाली केली,
मी माझ्या बाजूची.
तासभर इंजिन निवायची वाट पाहिली.
गरम झाकण उघडायचं नसतं,
हे आम्हां दोघांनाही एकाच माणसानं शिकवलं.

आज सकाळी स्नेहलतागंजात, गल्लीतच, सीट उचलली.
ह्या गाडीचं काळीज बसणाऱ्याच्या बुडाखाली असतं.
अक्षता, कोथिंबिरीच्या वाळक्या काड्या, एक अठ्ठन्नी,
कुणाच्या तरी पंगतीतला चमचा.
आणि खाली फरशीवर हिरवे थेंब.

पाइप टोकाशी सुजला होता,
शिजून फुटायला आलेल्या पडवळासारखा.
क्लिपजवळ काहीतरी काळं गुंडाळलेलं.
सोडवत गेलो :
मिठाईच्या खोक्याची दोरी,
तिच्याखाली तांब्याची तार,
तिच्याखाली सायकलची ट्यूब, तीन वेढे.
गाठ उलटी. दादा डावखुरा आहे,
पातेल्यांची झाकणं तो अशाच गाठीनं बांधतो.

मग ती बाटली आठवली.
रोज पहाटे साडेचारला मी खिडकीतून बघायचो,
प्लास्टिकची बाटली घेऊन गाडीपाशी वाकलेला तो.
जाताना भरलेली की येताना,
अंधारात कुठं दिसतं.
होळीच्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना,
वहीवर बोट ठेवून मी विचारलं होतं :
पेट्रोल जातं कुठं?
तो पानावरून उठला होता.
पुरणपोळीला हात न लावता.

पाणी भरत होता.
निदान दोन वर्षं असणार, ट्यूब इतकी चिकटली होती.

मागे दादा टॉर्च धरून उभा.
टॉर्च हलला नाही.

सियागंजात मुर्तुझाभाईंनी जुना पाइप पिळून बघितला.
"भिया, इसने तो बहुत निभाया।"
एकशे ऐंशी रुपये, दोन क्लिपा वेगळ्या.
पैसे मी दिले.
वहीत लिहिले नाहीत.

नळीच्या तोंडावर खार धरला होता, पॉलिश पेपरनं काढला.
आमचा हात सवयीनं तुपाकडे जातो,
पण रबराला तूप चालत नाही,
साबणाचं पाणी लावलं.
तरी बसेना. कोऱ्या चपलेसारखा अडून राहिला.
मी ढकलला.
त्यानं, टॉर्च दातांत धरून, फिरवला.

आता हवा काढायची.
त्याला एक माणूस झाकणाशी लागतो, एक पायाशी.
सीट परत टाकून तो आत बसला,
हीटर पूर्ण सोडला, मे महिन्याच्या उन्हात,
आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिला.

"रेस," मी म्हणालो.

इंजिन घुरघुरलं. पाणी खाली गेलं, एक मोठा बुडबुडा आला,
फुटून माझ्या चष्म्यावर उडाला.
मी भरत गेलो. त्याच बाटलीनं.

"अजून?"
"अजून."
"किती वेळ?"
"बुडबुडे थांबेपर्यंत."

जे म्हणायचं होतं ते ह्यात कुठंच नव्हतं.
पाइप दाबून बघितला,
आत गरम पाणी धावत होतं, हाताला कळत होतं.

"क्लिप फार आवळू नकोस," तो उतरता उतरता म्हणाला,
"रबर कापतं."
मी अर्धा आटा सैल केला.

जुनी ट्यूब मी कचऱ्यात टाकली होती.
त्यानं ती उचलली, पुसली, समोरच्या खणात ठेवली.
संध्याकाळी महूला सव्वाशे पानं आहेत,
बटाटे अजून सोलायचे आहेत.