सोज्वळ खून

दिवसभर मी कोर्टात खून टाइप करते.
सिव्हिल लाइन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
साक्षीदार क्रमांक चार फितूर होतो,
पंच म्हणतो, सही माझीच, पण मी तिथं नव्हतो,
आणि मयताची आई
प्रत्येक तारखेला तीच पिशवी घेऊन येते.
माझी बोटं थांबत नाहीत. थांबायची नसतात.
पुढील तारीख.
पुढील तारीख.

सहाला गोकुळपेठेत उतरते, ढोमण्यांच्या वाचनालयात.
बाहेर शेहेचाळीस डिग्री, आत कूलरच्या वाळ्याचा ओला वास.
रजिस्टरातून मान वर न काढता ढोमणे म्हणतात,
"हे घेऊन जा नं बाई. मर्डर आहे,
पण एकदम सोज्वळ."

सोज्वळ म्हणजे
खून नवव्या पानावर, तोही दाराआड.
मरतो तो, ज्याच्यावर कुणाचाच फारसा जीव नव्हता.
रक्त नाही, चहाचा कप तेवढा कलंडलेला.
तपास करते एक निवृत्त पोस्टमास्तरीण,
जिला अख्ख्या गावाचं अक्षर ओळखता येतं.
फौजदार आधी तिच्या चकल्या खातो, मग वैतागतो.
आणि मांजर.
मांजराला काही होत नाही ना, एवढं मी
शेवटची पानं उलटून आधीच पाहून घेते.
खुनी कोण, ते पाहत नाही.

आमच्या ऑफिसातला लांजेवार म्हणतो,
दिवसभर तेच, अन् घरी जाऊन पुन्हा तेच?
तेच नाही रे.
तिथं कुणी खोटं बोललं की पुढं कुठंतरी ते सापडतं.
घड्याळ बंद पडतं ते काही कारणानं.
दोनशे बारा पानांत सगळ्यांना एका खोलीत बसवून
कुणीतरी आवाज न चढवता खरं काय ते सांगतं
आणि सगळे ऐकून घेतात.
अकरा वर्षं नोकरी झाली,
अशी खोली मी पाहिलेली नाही.

या उन्हाळ्यात मात्र पुस्तकातच एक प्रकरण निघालं.
साठाव्या पानाच्या आसपास, समासात, पेन्सिलीनं :
"माळीच." खाली तारीख.
पुढच्यात : "धाकटी सून. शंभर टक्के."
त्याच्या पुढच्यात : "भाचा. लिहून ठेवा."
तिन्ही चूक.
माळी तर बिचारा लोणच्याची बरणी परत करायला आला होता.

मी तपास हाती घेतला.
अक्षर आडवं पडून लिहिल्यासारखं, उजवीकडे घसरणारं.
तारखा सगळ्या गुरुवारच्या.
खुणेला चिकटपट्टी, तिच्यावर कापूस, मधोमध तपकिरी ठिपका.
सगळ्या पुस्तकात रक्त काय ते तेवढंच.
ढोमण्यांनी रजिस्टर फिरवलं, बोट ठेवलं :
काटेखाये, धंतोली.
"मिस्टरांचं डायलिसिस असते गुरुवारी.
बाई चार तास वाचून दाखवतात.
एक हात मशीनला, दुसऱ्यात पेन्सिल."

मग दोन पुस्तकं कोरी आली.
साठावं पान दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं,
खोडल्याची खूणही नव्हती.
दिवसभर प्रश्न टाइप करणारी मी,
ढोमण्यांना एक विचारणं झालं नाही.
त्या आठवड्यात 'मयत' लिहिताना दोनदा चुकले.

तिसऱ्यात, पान एकसष्ट.
अक्षर हललेलं, पण तेच :
"डॉक्टरच."
खाली दुसऱ्या हातचं, बारीक :
"हळू बोला, ते राउंडवर आहेत."

रात्री बाराला पुस्तक संपलं.
डॉक्टरच होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुढचा भाग मागून आणला.
वाचला नाही. मांजराचंही पाहिलं नाही.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं,
कोर्टाची पेन्सिल टोक करून घेतली
आणि साठाव्या पानावर लिहिलं :
मागील साक्ष ग्राह्य.
पुढील तारीख, गुरुवार.